हुरड्याचा भाव

मुरूम, तालुका उमरगा
पौष, शके १८८०

तीर्थस्वरूप अण्णामामांच्या पायांवर अंबादासचं डोकं. (प्रत्यक्ष ठेवायला तुळजापूरला यायला हवं. तोवर कागदावरच ठेवलं असं मानून घ्यावं.)

मी इथं बरा आहे. तुमचं पोट कसं आहे? मामींच्या पत्रात होतं की वैद्यांनी तुमचं रात्रीचं जेवण बंद केलं, मुगाचं कढण सांगितलं, आणि तुम्ही ते निमूटपणे घेता. वाचून मला फार काळजी वाटली. निमूटपणा तुमच्या प्रकृतीला मानवणारा नाही. पण पुढच्याच ओळीत होतं की कढण घेतल्यावर तुम्ही देवीला जाऊन येतो म्हणून निघता आणि परत येता तेव्हा तुमच्या मिशीला तूप असतं. तेव्हा जीव भांड्यात पडला. मामींच्या गुडघ्यांना आराम असेल. तुमच्या शामलाच्या धाकट्याला दात आला असेल. माझ्या खोलीतलं छत गळायचं थांबलं आहे, कारण पाऊस थांबला आहे.

माझं पत्र आलं की ते फोडायच्या आधी तुम्ही "आता काय हवंय त्याला?" असं विचारता, हे मला ठाऊक आहे. पूर्वी त्यात तथ्य होतं. वडील गेल्यापासून फी, पुस्तकं, हैद्राबादचं वसतिगृह आणि एकदा छत्री, हे सगळं मी तुमच्याकडे पत्रानेच मागितलं. या पत्रात मात्र काही मागितलेलं नाही. ही नुसती हकीकत आहे. ती हकीकतच का असायला हवी याला एक कारण आहे, ते वाचता वाचता लक्षात येईल. आपण निश्चिंत मनाने, पाय पसरून वाचावं.

मला इथं मराठी शिकवायला नेमलं आहे. (कविता शिकून आलास, आता त्या कोण विकत घेणार, असं तुम्ही तेव्हा विचारलं होतं. अजून कुणी विचारणा केलेली नाही.) दिवाळीनंतर आमच्या गणिताच्या शिक्षकांनी परभणीला बदली करून घेतली आणि नववीचं गणित निराधार झालं. आमचे हेडमास्तर नारायणराव हे सज्जन गृहस्थ आहेत. त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या अमदानीत उर्दूतून झालं. पोलीस ॲक्शन होऊन दहा वर्षं झाली तरी ते समीकरणाला मसावात म्हणतात आणि स्वतःला सदर मुदर्रिस. त्यांनी मला बोलावून सांगितलं की नववीचं गणित आजपासून तुमच्याकडे. मी म्हटलं, मला गणित येत नाही. ते म्हणाले, "अंबादासराव, तुम्ही कवितेच्या मात्रा मोजता की नाही? मोजणारा माणूस काहीही मोजतो. बाकी सगळं किताबात आहे." मी किताब घरी नेलं. बाकी सगळं खरोखरच त्यात होतं, ही अडचण होती.

नववीला दोन समीकरणांचा धडा आहे. मामा, तुम्ही हिशेबी माणूस आहात, पण हे तुमच्या वेळी नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. दोन संख्या आपल्याला माहीत नसतात. एकीला क्ष म्हणतात, दुसरीला य. एकाच समीकरणातून त्यांचा पत्ता लागत नाही, कारण ते हजार जोड्यांना लागू पडतं. दुसरं समीकरण आलं की त्या हजारांतली एकच जोडी दोघांना चालते. आलेखाच्या कागदावर दोन सरळ रेघा काढल्या की त्या जिथं एकमेकींना छेदतात तिथं क्ष आणि य दोघेही सापडतात. मला हे वाचून बरं वाटलं. (मामींना सांगावं की इथं लग्नाचा विषय काढण्याचं कारण नाही.)

पोरांना मात्र बरं वाटलं नाही. पुस्तकातल्या बापाचं वय मुलाच्या तिप्पट असतं, आणि आणखी दहा वर्षांनी ते दुप्पट होतं, यात त्यांना काही विशेष दिसेना. त्यातच खात्याचं परिपत्रक आलं की यापुढं सर्व विषय समवाय पद्धतीने, म्हणजे आजूबाजूच्या व्यवहाराशी जोडून शिकवावेत. नळदुर्गला त्यासाठी शिबिर झालं. तिथं एका वक्त्यांनी सांगितलं की बाजाराच्या गावात बीजगणित रस्त्यावर पडलेलं असतं, शिक्षकाने फक्त वाकून उचलायचं. मी परत आलो आणि वाकलो.

फळ्यावर मी वांग्यांचा बाजार मांडला. क्ष म्हणजे शेरामागचा भाव, आण्यांत. (नवे पैसे येऊन दीड वर्ष झालं, पण मुरूमच्या वांग्यांना अजून कुणी कळवलेलं नाही.) य म्हणजे किती शेर वांगी. गिऱ्हाइकाचं असं की भाव एक आण्याने चढला की तो एक शेर कमी घेतो; म्हणून क्ष आणि य यांची बेरीज दहा. विकणाऱ्याचं उलटं, भाव एक आण्याने चढला की तो एक शेर जास्त आणतो; म्हणून य हा क्षपेक्षा दोनाने मोठा. एक रेघ मागणीची, ती खाली उतरत जाते. एक पुरवठ्याची, ती वर चढत जाते. दोघी भेटतात तिथं क्ष चार आणि य सहा. चार आणे भाव, सहा शेर वांगी. गिऱ्हाईक खूश, विकणारा खूश. मी खडू खाली ठेवला.

तेव्हा मागच्या बाकावरून बलभीम उठला. बलभीम उभा राहिला की मी घंटेकडे कान लावतो, कारण तो फक्त शंका असेल तरच उभा राहतो. तो म्हणाला, "गुरुजी, य हा क्षपेक्षा दोनानं मोठा. मग भाव शून्य असला तरी दोन शेर आणणार? फुकट? आसला कोन येडा हाय बाजारात?"

मी फळ्याकडे पाहिलं. समीकरण तसंच म्हणत होतं. मी सांगितलं की ही शंका आपण प्रत्यक्ष पुरवठा करणाऱ्यालाच विचारू. हे वाक्य बोलताना ते मला सुंदर वाटलं होतं.

आता रुद्रम्मा. नववीत मुलगी एकच, ती पहिल्या बाकावर एकटी बसते. ओढ्यापलीकडच्या शिवप्पांची ही लेक. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि बेरजा बहुधा कानडीतच करत असावी, कारण ओठ हलतात ते कळत नाही. मी पुस्तकातलं गणित फळ्यावर उतरवून होईपर्यंत तिने ते सोडवलेलं असतं. (मी सावकाश उतरवतो.) मुलीला सातवीनंतर शाळेत ठेवायला त्यांच्या भावकीत कुणी राजी नव्हतं. आळंदला रुद्रम्माची आत्या असते, तिला ही पोर सून म्हणून हवी आहे. शिवप्पांनी सगळ्यांना सांगितलं होतं की ती मॅट्रिक होईस्तोवर विषय काढायचा नाही. शिवप्पांचं बोलणं कमी, पण बोलले की ते झालं असं गावात धरून चालतात. हे लक्षात असू द्यावं.

त्याच आठवड्यात रुद्रम्माने येऊन सांगितलं की अप्पांनी सबंध वर्गाला आणि गुरुजींना हुरड्याला बोलावलं आहे. मला वाटलं, समवाय चालत दारात आला. मी हो म्हटलं आणि शाळेचा गुंडाळी-फळा काखेत मारून निघालो.

हुरड्याचं वर्णन तुमच्यापुढं काय करावं? शिवप्पांनी गूळभेंडी ज्वारी खास हुरड्यासाठी चार ओळी पेरलेली. गोवऱ्यांची आगटी फुललेली. भोवती गोणपाटं. शिवप्पा स्वतः कणसं भाजत होते, तळहातावर मळून फुंकर घालत होते आणि एकेकाच्या पुढ्यात मूठ टाकत होते. (त्यांची एक मूठ म्हणजे माझ्या दोन.) प्रेमाबाई, म्हणजे रुद्रम्माची आई, तिळाची चटणी आणि गूळ घेऊन फिरत होत्या. माझ्या पुढ्यात न विचारता दोन मुठी पडल्या, त्या मी खाल्ल्या. तिसरी आली तेव्हा मी नको म्हटलं आणि हात आडवा धरला. शिवप्पा मूठ धरून थांबले. मी हात काढला नाही, कारण मला खरोखरच नको होतं. मूठ शेजारच्या बलभीमकडे गेली. मला यात काही वावगं वाटलं नाही. माझी वाढ तुमच्या घरात झाली, तरी हे मला कळू नये याचं आता आश्चर्य वाटतं.

मग मी बाभळीला फळा टांगला. पोरांनी उसासे टाकले. मी दोन रेघा काढल्या, मागणीची आणि पुरवठ्याची, आणि शिवप्पांकडे वळून विचारलं की हुरड्याला शेरामागं दोन आणे भाव आला तर तुम्ही किती शेर द्याल?

ते म्हणाले, "कुनाला?"

मी म्हटलं, समजा, आम्हालाच.

"तुमाला?"

हो, म्हटलं, आणि चार आणे आला तर? तेवढ्यात बलभीम ओरडला, "दोन आण्याला मी तीन शेर घेतो, गुरुजी!" दुसरा म्हणाला की कणसं जून झालीत, दीड आण्याच्या वर एक पैसा देणार नाही. तिसऱ्याने त्याला कवडीचुंबक म्हटलं. मामा, दिवाळीपासून मी या वर्गाला गणित शिकवतो आहे, पण असा उत्साह कधी पाहिला नव्हता. आकडे मिळत होते आणि मी ते फळ्यावर लिहीत होतो. त्यामुळे माझी पाठ आगटीकडे होती, आणि शिवप्पांनी हातातलं कणीस खाली ठेवलं ते मला दिसलं नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "माज्या आगटीवर बसून भाव इचारताय?"

प्रेमाबाई म्हणाल्या, "आवं, पुस्तकातलं असंल ते."

"पुस्तकात ह्ये असंल तर पोरीनं वाचायचं कशाला? उद्या दारात पावना आला तर पान्याच्या तांब्याचा भाव सांगंल त्याला." मग ते उठले आणि पायाने आगटीवर माती लोटली. रुद्रम्मा उद्यापासून शाळेला येणार नाही, एवढं त्यांनी सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता, बैलांकडे बघून.

आम्ही परत निघालो. ओढ्यापाशी बलभीम म्हणाला, "आता औंदा आमाला कोनच हुरड्याला बोलावनार न्हाय." तसंच झालं. मास्तर हुरडा खाऊन हिशेब मागतो ही बातमी आमच्या आधी गावात पोचली होती. (माझ्या घरमालकिणीने त्या दिवसापासून मला ताक देणं बंद केलं आहे. भाव विचारेन अशी तिला भीती वाटते.)

घरी येऊन मी शिवप्पांची रेघ कागदावर काढून पाहिली. भाव शून्य असेल तर लागेल तेवढा हुरडा. भाव एक पैसा जरी झाला तर एक दाणा मिळणार नाही. मग आमची रेघ काढली. पाहुणा म्हणून भाव काहीही असो, तोंडाने म्हणायचं ते नकोच, म्हणजे मागणी कायम शून्य. दोन्ही रेघा भेटल्या तिथं हुरडा शून्य. गणिताप्रमाणे त्या दिवशी कुणी काहीच खाल्लं नाही. बलभीम दोन दिवस पोट धरून घरी होता, तो मुद्दा गणितात बसत नाही.

पहिला बाक रिकामा राहिला. मी गणित फळ्यावर उतरवायचो आणि मग ते सोडवलेलं कुणाकडे नसायचं. आळंदहून आत्या येऊन गेल्याचं कळलं. माझ्या एका प्रश्नाने एका पोरीची शाळा सुटते आहे आणि चैत्रात लग्न होतं आहे, हे मला दिसत होतं. आमची सगळी समीकरणं मुळाशी जाऊन पाहिली तर त्या बाकावरच सुटत होती.

मी क्षमा मागायला गेलो. मोकळ्या हाताने कसं जावं, म्हणून बाजारातून गुळाची लहान ढेप घेतली. (हे मामींनी वाचू नये. त्या कपाळाला हात लावतील.) शिवप्पांनी ढेपेकडे पाहिलं आणि विचारलं, "हुरड्याचं पैसं गुळात फेडताय व्हय?" मी ढेप परत आणली. ती रोज थोडी थोडी खातो आहे.

मग नारायणराव गेले. त्यांनी शेरवानी घातली, बांधावर उभं राहून इतक्या अदबीने बोलले की शिवप्पांचा बैलसुद्धा ऐकत होता. शेवटी ते म्हणाले, "जे काही नुकसान झालं असेल ते बेशक बोला, मदरसा भरून देईल." शिवप्पांनी त्यांना बसवलं, ताक दिलं, आणि ताक पिऊन झाल्यावर म्हणाले, "ह्येचा भाव इचारला न्हाय, उपकार झाले." नारायणरावांनी परत येऊन मला सांगितलं की मामला नाजूक आहे.

तिसऱ्या खेपेला आम्ही दोघं गेलो. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, त्यामुळे नुकसान झालं नाही. रुद्रम्मा ज्वारीच्या राखणीला मचाणावर होती, हातात गोफण. आम्हाला पाहून खाली उतरली. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "गुरुजी, समीकरणं बरोबर हायत. क्ष तेवढा चुकलाय."

तिने गोफणीतल्या दगडाने जमिनीवर दोन रेघा ओढल्या. वांग्यांच्या होत्या त्याच, दहाची बेरीज आणि दोनाचा फरक. पण क्ष म्हणजे भाव नाही, ती म्हणाली, क्ष म्हणजे पाहुणा जितक्यांदा नगं म्हणतो तो आकडा. य म्हणजे मुठी. घरधनी पहिल्या दोन मुठी न विचारता टाकतो आणि पुढं प्रत्येक नगंला एक. म्हणून य हा क्षपेक्षा दोनाने मोठा. "बलभीमला सांगा," ती म्हणाली, "शून्याला दोन फुकट देनारा कोन येडा, ते." आता पाहुण्याचं. पाहुण्याला तोंड एकच. ते उघडतं ते मूठ खायला, न्हाय तर नगं म्हणायला. एका बैठकीत दहा वेळा उघडलं की बंद. म्हणून क्ष आणि य मिळून दहा. मी विचारलं, दहाच का? ती म्हणाली, "तुमच्या फळ्यावर दहाच व्हतं." चारदा नगं, सहा मुठी. रेघा तिथंच भेटत होत्या.

नारायणरावांनी "वाह" म्हटलं आणि जमिनीवरची ती मसावात पुसली जाऊ नये म्हणून दोन पावलं मागे सरकले.

प्रेमाबाई पाणी घेऊन आल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "मास्तर, भावाचं येवढं न्हाय लागलं ह्यास्नी. तुमी एकदाच नगं म्हनलात आन खरंच थांबलात."

शिवप्पा ज्वारीत उभे राहून सगळं ऐकत होते. बाहेर आले, रेघा बघितल्या, लेकीकडे बघितलं. म्हणाले, "भुईवर समदं जमतंय. पावना कुटं हाय?" मी पुढं झालो. "तुमी नव्हं. मास्तर गावचा असतोय. तुमच्या घरचं कुनी वडीलधारं मानूस येऊ द्या, माज्या आगटीवर बसू द्या. चारदा नगं म्हनून आन सहा मुठी खाऊन त्ये उठलं तर पोरगी शाळंला. कमी न्हाय, जास्त न्हाय. न्हाय तर चैताला आळंद." रुद्रम्मा म्हणाली, "व्हय." मला हे धोक्याचं वाटलं, मी म्हणणार होतो की गणितात असं नसतं; पण ती आधीच मचाणावर चढली होती. शिवप्पा पुढं म्हणाले की पाहुण्याला पढवून आणायचं नाही. सदर मुदर्रिस साक्षीला आहेत. शब्द झाला.

तर अशी हकीकत. कुणालाही पढवायचं नाही हे मी शिवप्पांपुढं मान्य केलं असल्यामुळे मी तुम्हाला काहीही सुचवत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. तुम्ही माझे वडीलधारे आहात, घडलेलं तुमच्या कानावर घालणं माझं कर्तव्य होतं, ते घातलं. बाकी इकडं थंडी बरी आहे. मामींना नमस्कार, शामलाला आशीर्वाद, तिच्या धाकट्याच्या दाताला शुभेच्छा.

तुमचा, अजून कविता न विकलेला,
अंबादास

ता. क. रविवारी सकाळी तुळजापूरहून नळदुर्गला जाणारी मोटार पकडली, पुढं उमरग्याची धरली आणि मुरूमच्या फाट्यावर उतरलं, तर तिथं मी बैलगाडी घेऊन उभा असेन. मी एरवीही रविवारी तिथं उभा असतो, असं समजावं. शिवप्पांनी गूळभेंडीच्या दोन ओळी मागाहून पेरल्या होत्या, त्या आता अगदी हिरव्या आहेत. शेतातल्या आगीला सोवळं लागत नाही हे तुमचंच मत आहे. (तुम्ही ते गुऱ्हाळातल्या काकवीबद्दल मांडलं होतं, पण हुरड्यालाही लागू पडतं.)

ता. क. दोन. मला तुमच्या क्षमतेबद्दल शंका नाही, तीच काळजी आहे. मी लहान असताना तुमच्या शेजारी पानावर बसलेलो आहे. तुम्ही नको म्हणता तेव्हा हात पानावर आडवा येतो, पण बोटं फाकलेली असतात, आणि वाढणाऱ्याला बोटांमधून पुरेशी वाट राहते. हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही आणि मला ते शिकता आलं नाही. कोजागरीला देशपांड्यांकडे तुम्ही अकरा वेळा नको म्हटलं होतं, मामींनी मोजलं होतं. रविवारी अकरा चालणार नाही. सहा मुठींवर थांबायचं म्हणजे तुमच्यासाठी कढणच आहे, हे मी जाणतो. वैद्यांना हवं तर तसंच सांगावं.

ता. क. तीन. वरची दोन ता. क. मामींना वाचून दाखवू नयेत. नळदुर्गचा किल्ला पाहायला जातो म्हणावं. त्या विश्वास ठेवणार नाहीत, पण मिशी पुसून घरात शिरलात तर बोलणारही नाहीत.

ता. क. चार. पत्र डकवलं होतं, ते परत उघडलं. आत्ता शिवप्पा वर्गाच्या दाराशी आले होते. आत आले नाहीत. पहिल्या बाकाकडे बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, "पावन्याला पढवू नका म्हनलो व्हतो, त्ये खरं. पर येवढं कळवा. चारदा म्हनून झालं की हात जोडून उठा म्हनावं. पाचव्यांदा नगं म्हनले तर मला सातवी मूठ टाकावीच लागंल, मास्तर. आगटीवर हात आखडता येत न्हाय. मग पोरगी हरंल." एवढं बोलून ते बाजाराच्या बाजूला गेले. आज बाजाराचा दिवस नाही.